कर्ता आणि क्रियापदाच्या मधे

आमची नात सातवीत आहे. इंग्रजी माध्यमात असल्यामुळे तिच्या गृहपाठात घरातल्या सगळ्यांची परीक्षा होते. परवा वही घेऊन आली. ‘क्रियाविशेषण योग्य जागी घाला’ असा प्रश्न होता. तिनं लिहिलं होतं, ‘आय ड्रिंक ऑलवेज मिल्क’. बाईंनी लाल शाईचा बाण काढून ‘ऑलवेज’ला ‘ड्रिंक’च्या आधी नेऊन बसवलं होतं.

‘‘पण का, आजोबा?’’

बँकेत मी पस्तीस वर्षं इंग्रजी पत्रं खरडली, पण ‘का’ म्हणून कुणी विचारलं नव्हतं. मराठीत ही अडचण येत नाही. आपलं क्रियापद शेवटी असतं. ‘मी नेहमी दूध पिते’ म्हणा की ‘मी दूध नेहमी पिते’ म्हणा. रोख जरा बदलतो, चूक होत नाही. इंग्रजीत मात्र क्रियापद आणि कर्म सत्यनारायणाला बसलेल्या जोडप्यासारखे शेजारी शेजारी. मधे कुणी पाट मांडायचा नाही! मग ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’, ‘ऑफन’ ही मंडळी कर्ता आणि क्रियापदाच्या मधे अंग चोरून बसतात. ‘विल’, ‘हॅव’ असं सहायक क्रियापद असलं, तर त्याच्या मागे. नातीला सत्यनारायण पटला आणि ती खेळायला पळाली.

या मधल्या जागेनं एकदा अमेरिकेच्या सरन्यायाधीशांनाही चकवलं होतं. २० जानेवारी २००९, बराक ओबामांचा शपथविधी. शपथेचे शब्द राज्यघटनेनंच ठरवून दिलेले. त्यात ‘फेथफुली’ हा शब्द ‘विल’ आणि ‘एक्झिक्यूट’ यांच्या मधे आहे. (आपल्या राष्ट्रपतींची शपथ घटनेच्या ६० व्या कलमात आहे, तिच्या इंग्रजी पाठातही तो तिथंच आहे.) जॉन रॉबर्ट्स कागद न बघता शपथ सांगत होते. त्यांनी ‘फेथफुली’ थेट वाक्याच्या शेपटाला नेला. ओबामा थबकले. गोंधळ झाला तो झालाच, आणि दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा घेण्यात आली. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांचा तर्क असा, की सहायक आणि मुख्य क्रियापदात फट पाडू नये हा जुना दंडक रॉबर्ट्स यांच्या अंगात मुरला होता. त्यापायी जिभेनं घटनाच सुधारून घेतली. मला हा तर्क पटतो. असे सुधारक मी हेड ऑफिसातही पाहिले आहेत.

तिथं शब्द हलला, पण अर्थ जागचा हलला नाही. माझ्या हातून घडलं ते नेमकं उलटं. शब्द अगदी जागेवर होता.

१९९१ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावी शाखेत मी अधिकारी होतो. आमच्याकडे एक वयस्कर स्पेशल असिस्टंट होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. छोट्या रकमेचे चेक पास करण्याचा त्यांना अधिकार होता. बाजाराचा दिवस, काउंटरवर ही गर्दी. अण्णांनी एक चेक सहीच्या कार्डाशी न ताडता पास केला. सही खोटी निघाली. अहवाल मी लिहिला. त्यातलं एक वाक्य मला आजही पाठ आहे : ‘ही नोइंगली पास्ड अॅन अनव्हेरिफाइड चेक बेअरिंग अ फोर्ज्ड सिग्नेचर’.

मला म्हणायचं होतं, की सही ताडलेली नाही हे त्यांना ठाऊक होतं. हेड ऑफिसनं वाचलं, की सही खोटी आहे हेही त्यांना ठाऊक होतं. ‘नोइंगली’ची सावली ‘अनव्हेरिफाइड’पाशी थांबते, की पुढे ‘फोर्ज्ड’पर्यंत जाते? व्याकरणात त्याला उत्तर नाही. आणि मराठीत लिहिलं असतं तरी मी सुटलो नसतो. ‘खोट्या सहीचा, न ताडलेला चेक त्यांनी जाणूनबुजून पास केला’ — काय वेगळं झालं?

अण्णा निलंबित झाले. चोराशी संगनमताचा आरोप. अकरा महिने निर्वाहभत्त्यावर. रस्त्यात भेटले तर ‘नमस्कार साहेब’ म्हणत आणि पुढे जात. चौकशीत माझी साक्ष झाली तेव्हा मी सांगितलं, की वाक्य माझं आहे आणि ते मी वाईट लिहिलं आहे. संगनमत पुसलं गेलं, निष्काळजीपणा राहिला, एक इन्क्रिमेंट गेली.

योगायोग असा, की २००९ च्याच मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं याच ‘नोइंगली’वर निकाल दिला. सरन्यायाधीश तेच, रॉबर्ट्स. मेक्सिकोहून आलेल्या एका कामगारानं नोकरीसाठी खोटे ओळख क्रमांक दिले होते. ते निघाले दुसऱ्याच माणसांचे. दुसऱ्याची ओळख ‘नोइंगली’ वापरली तर दोन वर्षं जादा कैद, असा कायदा. क्रमांक आपला नाही हे त्याला माहीत होतं. पण तो कुणा जिवंत माणसाचा आहे, हे माहीत होतं का? न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी निकालपत्रात साध्या बोलण्यातल्या वाक्यांचे दाखले दिले. क्रियापदाआधीचा ‘नोइंगली’ पुढच्या कर्मालाही लागू होतो, म्हणून तेही माहीत असल्याचं सरकारनं सिद्ध केलं पाहिजे, असा निर्णय झाला. निकालावर सगळ्या न्यायाधीशांचं एकमत होतं.

म्हणजे त्यांच्या हिशेबानं माझ्या वाक्याचा हेड ऑफिसनं लावलेला अर्थच रास्त ठरावा!

अण्णा तेव्हा निवृत्त होऊन गावी राहत होते. मी मुद्दाम जाऊन त्यांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘त्या पोराची दोन वर्षं वाचली?’’

‘‘ती वाचली. बाकीचे गुन्हे होतेच.’’

‘‘बरं झालं,’’ अण्णा म्हणाले आणि आत वळून वहिनींना चहा टाकायला सांगितला.