वस्त्रगाळ दूध

दूध म्हटले की गोठा डोळ्यांपुढे येतो. परंतु गोठ्याशी काहीएक संबंध नसलेले दूधही आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे. कोकणातील गृहिणी गूळ घातलेल्या नारळाच्या रसात शिरवाळे वाढते. गोमंतकात आमसुलाच्या आगळात तोच रस मिसळला की सोलकढी होते. आणि लहान मुलांसाठी नाचणी भिजवून, वाटून, गाळून तिचे सत्त्व काढण्याची रीत तर सर्वांच्या परिचयाची आहे.

ही रीत केवळ आपलीच नव्हे. म्हैसूरहून कृष्णराजसागराकडे जाताना बेळगोळ नावाचे गाव लागते. कावेरीच्या पाण्यावर भात, ऊस आणि नारळ पिकवणारा हा मुलूख. तांदळाच्या दाबून काढलेल्या शेवयांना तिकडे ‘ओत्तुशाविगे’ म्हणतात व त्या गोड ‘कायिहालु’बरोबर खातात. कायि म्हणजे नारळ आणि हालु म्हणजे दूध. मालवणचे शिरवाळे आणि ही शाविगे एका पंक्तीत मांडली, तर सख्ख्या बहिणीच वाटाव्यात. नाचणीच्या गाळलेल्या दुधात गूळ घालून, ते आटवून वड्या पाडलेली ‘हालबाई’ हीदेखील त्याच प्रदेशातील. या सर्व पदार्थांच्या मुळाशी एकच साधे साधन आहे, ते म्हणजे गाळण्याचे फडके. अलीकडे त्याची जागा बारीक जाळीच्या, धुऊन पुन्हापुन्हा वापरता येणाऱ्या पिशवीने घेतली आहे.

हे फडके नेमके काय करते? भिजलेला दाणा किंवा खवलेले खोबरे पाण्याबरोबर वाटले की त्यातील पेशी फुटतात. तेलाचे सूक्ष्म थेंब, प्रथिने, साखर आणि पिठूळ कण पाण्यात उतरतात. प्रथिने तेलाच्या थेंबांभोवती पातळ आवरण धरतात, म्हणून ते थेंब लगेच एकमेकांत मिसळत नाहीत. या असंख्य थेंबांवरून प्रकाश विखुरतो आणि पाणी दुधासारखे पांढरे दिसते. हा थेंब मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा असतो. विणीचे छिद्र त्याहून कितीतरी मोठे. म्हणून स्निग्धांश सहज पार होतो आणि मागे राहतो तो मुख्यतः तंतुमय चोथा.

पिशवी घ्यावयाची तर वीण सर्वत्र सारखी असावी, शिवण दुहेरी असावी आणि तळ गोल असावा. कोपऱ्यांत चोथा अडकून कुजतो. सुती कापड स्वस्त व मजबूत खरे, पण ते तेल शोषून घेते व त्याला लवकर खवट वास येतो. नायलॉनची जाळी चटकन वाळते. मात्र कडक उन्हात तिचे धागे कमजोर होतात, म्हणून ती वाऱ्यावर सावलीत वाळवावी. काम होताच पिशवी उलटी करून प्रथम गार पाण्याने धुवावी. आरंभीच ऊन पाणी वापरल्यास प्रथिने धाग्यांवर गोठून बसतात. त्यानंतर साबण व कढत पाणी वापरावे. ओलसर ठेवलेली पिशवी दुसऱ्या दिवशीच्या दुधात जंतूंचे विरजण घालते, हे विसरू नये.

प्रत्येक पदार्थाचा स्वभाव निराळा. नारळाचा चव कोमट पाण्याने वाटून घट्ट पिळावा. पहिले दूध दाट निघते, दुसरे पातळ. हे दूध खळखळून उकळले तर त्यातील प्रथिने गोठतात व ते फाटते; म्हणूनच जाणत्या सुगरणी दाट रस शेवटी घालतात. ओट किंवा तांदूळ यांचे दूध मात्र जोराने पिळू नये, नाहीतर ते बुळबुळीत होते. नाचणीच्या बाबतीत आणखी एक विचार आहे. तिच्यातील चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, बराच अंश सालीत असतो. दूध जितके तलम गाळावे तितका तो अंश चोथ्याबरोबर जातो. तेव्हा ज्याला कोंडा पचतो त्याने तो फेकू नये. भाकरीच्या पिठात मिसळावा.

आता फडक्याच्या मर्यादा. म्हैसूर येथे १९५० साली चेलुवांबा प्रासादात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. भुईमुगातील प्रथिने वेगळी काढून ती जनावरांच्या दुधात मिसळण्याची आणि अशा रीतीने अपुरे दूध अधिक लोकांना पुरवण्याची ‘मिल्टोन’ ही योजना याच संस्थेतून पुढे आली. त्या पेयाला जीवनसत्त्वे व क्षार यांची जोड द्यावी लागली, यातच आपल्यासाठी धडा आहे. घरी गाळलेल्या दुधात ही जोड नसते. त्यात बी-१२ जीवनसत्त्व नसते, कॅल्शियमही बहुधा गाईच्या दुधापेक्षा पुष्कळच कमी असते. आणि नारळाच्या किंवा बदामाच्या पातळ दुधात प्रथिने थोडीच उतरतात. सोयाबीनचे दूध प्रथिनांत गाईच्या दुधाच्या जवळपास जाते. परंतु कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा आणणारी द्रव्ये असतात. ती गाळून जात नाहीत. दूध चांगले उकळावेच लागते.

भुईमुगाविषयी तर अधिकच दक्षता हवी. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी हजारोंनी मेले. त्याचे कारण बुरशी धरलेल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडले, आणि अफ्लाटॉक्सिन या विषाची ओळख जगाला झाली. हे विष जाळीत अडकत नाही, साध्या उकळण्यानेही पुरते नष्ट होत नाही. काळपट, सुरकुतलेले वा बुरसट दाणे भिजवण्यापूर्वीच निवडून टाकणे, हाच त्यावर घरगुती उपाय.

ज्यांना गाईम्हशीचे दूध पचत नाही वा नको आहे, अशा प्रौढांना हे वनस्पतिजन्य दूध उपयोगी आहे, रुचकरही आहे. मात्र वर्षाच्या आतील बालकाला मातेच्या दुधाऐवजी ते कदापि देऊ नये. केवळ पांढरा रंग पाहून त्याला मातेच्या दुधाचा मान देता येत नाही. आईचे दूध पुरत नसेल, तर वैद्यकीय सल्ल्यानेच पर्याय निवडावा. फडके चोथा वेगळा करते; बाकीची निवड आपणच करावयाची असते.