ताकद अचाट, खर्च बेताचा

'दे दणादण'मध्ये (१९८७) महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे ही जोडी खाकीत आली. त्यातल्या लक्ष्याच्या अंगात अचाट ताकद येते, पण लाल रंग दिसला की ती पार उतरते.

कल्पना मूळची इटलीची. सर्जिओ कोर्बुची यांच्या 'सुपर फझ'मध्ये (१९८०) टेरेन्स हिलचा मायामीतला पोलीस किरणोत्सर्गामुळे अतिमानव होतो आणि लाल रंगापुढे त्याचंही काही चालत नाही. सोबत वैतागलेला वरिष्ठ, अर्नेस्ट बोर्गनाइन. निर्मात्याच्या खिशाला लाल रंगाची ही अट फारच सोयीची! नायकाला हतबल करायला परग्रहावरचा दगड नको, लाल साडी आडवी गेली तरी पुरे. शिवाय 'आता लाल काहीतरी दिसणार' हे प्रेक्षकाला आधीच कळतं. खरी गंमत त्या वाट पाहण्यात असते. उरलेलं काम दोघांची जुगलबंदी करते.

 मालेगावच्या नासिर शेख यांचा 'मालेगाव का सुपरमॅन' पोलीसपट नव्हे, पण जुगाड त्याच जातीचा. यंत्रमागावर राबणारे, अंगकाठीने किरकोळ शफीक शेख सुपरमॅन झाले आणि तंबाखूविरुद्ध उभे ठाकले. उड्डाणासाठी मागे हिरवं कापड ताणायचं, मग आकाश संगणकावर जोडायचं. फैझा अहमद खान यांनी ही खटपट माहितीपटात टिपली. रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' फेब्रुवारी २०२५मध्ये चित्रपटगृहांत आला. त्यात नासिर यांची भूमिका आदर्श गौरवची.