शेगडी विझली, तरी धुराचा वास का?

अमेरिका, ब्रिटनमधील अनेक जुन्या घरांच्या दिवाणखान्यात विटांची फायरप्लेस आढळते. तिच्यातील बरीचशी ऊब धुराड्यावाटे निघून जाते. म्हणून त्याच कोनाड्यात काचेच्या दाराची लोखंडी शेगडी बसविली जाते. तिला ‘इन्सर्ट’ म्हणतात. तेथे स्थायिक होऊन जुने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही पहिल्याच हिवाळ्यात एक त्रास जाणवू शकतो. शेगडी विझल्यानंतरही घरात धुराचा वास रेंगाळत राहतो. सुगंधी फवाऱ्यांनी तो जात नाही, कारण मूळ दोष हवेच्या दिशेत असतो.

तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि धुराड्यात ओढ निर्माण होते. ही ओढ क्षीण झाली किंवा उलटली, की धूर व काजळीचा वास खोलीत उतरतो. वास नेमका केव्हा येतो, यावरून दोषाचा माग काढता येतो. नव्या शेगडीचा रंग पहिल्या काही वेळा तापताना वास येतो, तो मात्र धुराचा नव्हे.

पेटविताना

बाहेरच्या भिंतीलगतचे धुराडे थंड असते. त्यातील जड हवा धुराला वर जाऊ देत नाही. अशा वेळी झडप पूर्ण उघडून आधी कागद व बारीक काटक्या जाळाव्यात आणि धुराडे तापल्यावरच मोठी लाकडे ठेवावीत.

पंखा लावल्यावर

थंडीमुळे घरे घट्ट बंद असतात. स्वयंपाकघरातील पंखा किंवा कपडे वाळविण्याचे यंत्र आतील हवा बाहेर फेकते आणि तिची भरपाई धुराड्यातून होते. पंखा बंद करून जवळची खिडकी किंचित उघडावी. वास थांबला, तर कारण हेच. शेगडी विझलेली असताना किंचित उघडलेल्या दाराशी उदबत्ती धरावी. तिचा धूर खोलीकडे ढकलला गेला, तर हवा उलटी वाहत आहे असे समजावे.

जळत असताना सतत

ओलसर लाकूड हे याचे नेहमीचे कारण. ते नीट जळत नाही आणि धुराड्यात क्रिओसोट नावाचा डांबरासारखा थर साचतो. हा थर पेटून धुराड्याला आगही लागू शकते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांपर्यंतच असावा. इंग्लंडमध्ये २०२१ पासून थोड्या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणाला हीच मर्यादा लागू आहे.

शेगडी थंड असताना दाराच्या कडेत कागद अडकवून पाहावा. दार बंद असूनही तो सहज निघाला, तर कडेची दोरी झिजली आहे. जुने रुंद धुराडे हीदेखील इन्सर्टची अडचण ठरते. त्यात धूर पसरून थंड होतो. शेगडीपासून टोकापर्यंत योग्य मापाची पोलादी नळी बसविणे हा त्यावरील उपाय होय.

शेगडी बंद असताना

दमट हवेत काजळी ओल धरते आणि उन्हाळ्यातही वास सुटतो. त्यामुळे हंगाम संपताच राख काढावी, धुराडे जाणकाराकडून साफ करून घ्यावे व वर पावसापासून बचाव करणारी टोपी आहे ना, हे पाहावे. राखेत निखारे दीर्घकाळ धुमसत राहतात. म्हणून ती झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर ठेवावी.

वास नसलेला धोका

ज्या वाटेने धूर परततो, त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइडही येतो. या विषारी वायूला रंग नाही, वासही नाही. शेगडी पेटलेली असताना डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही लक्षणे घरातील एकाहून अधिक जणांना जाणवल्यास सर्वांनी तत्काळ बाहेर पडून आपत्कालीन मदत मागवावी. इंग्लंडमध्ये लाकूड वा कोळशाची शेगडी असलेल्या भाड्याच्या घरांत, त्या खोलीत या वायूची सूचना देणारे यंत्र बसविणे घरमालकांना २०१५ पासून बंधनकारक आहे. स्वतःच्या घरातही ते असावेच. धुराड्याची तपासणी दरवर्षी, हिवाळ्यापूर्वी करून घ्यावी आणि वासाचे कारण सापडेपर्यंत शेगडी पेटवू नये.