पदवी मिळेल, पण आवाज मिळेल का?

डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवरून, वस्त्यांवरून कॉलेजात जाणारी अनेक मुले-मुली घरातली शिकणारी पहिलीच पिढी असतात. आई-बाप मजुरी करून एस.टी.चा पास काढून देतात, फीचे पैसे जमवतात आणि निकालाच्या दिवशी विचारतात, "टक्के किती पडले?" प्रश्न रास्तच आहे. परंतु आम्हांला त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो. आपले मूल चार माणसांत उभे राहून, न घाबरता, मुद्द्याचे बोलायला शिकले का?

तलासरीच्या कॉलेजला कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर यांचे नाव आहे. १९०७ साली पुण्यात जन्मलेल्या गोदावरीबाई फर्ग्युसन कॉलेजात शिकल्या आणि पुढे त्यांनी कायद्याची पदवी घेतली. सुखाची वकिली त्यांना करता आली असती. त्या मात्र या जंगलपट्टीत आल्या. त्यांचे पती शामराव हे स्वतंत्र मजूर पक्षाच्या काळात, १९३८ च्या शेतकरी मोर्चात, बाबासाहेबांचे सहकारी होते.

२३ मे १९४५ रोजी तलासरी तालुक्यातील झरी येथे सुमारे पाच हजार वारली जमले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही जमीनदाराकडे 'लग्नगडी' म्हणून राबत. यापुढे वेठ करायची नाही, असे त्या सभेत ठरले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबार झाला. जेठ्या गांगडसह पाच जण हुतात्मा झाले. तरी माणसे मागे हटली नाहीत. गोदावरीबाईंनी हा इतिहास 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला. त्यास १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

यातून विद्यार्थ्याने काय घ्यावे? कॉलेजाने गोदावरीबाईंना कायदा दिला. पण लढले ते वारलीच. ज्यांना कधी कुणी बोलू दिले नव्हते, त्यांना बोलते करणे हेच त्यांचे पुढारीपण. हार-तुरे आणि फलकावरचा फोटो म्हणजे पुढारीपण नव्हे.

हे शिक्षण आपोआप मिळत नाही, हे बाबासाहेब जाणून होते. १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. खुद्द बाबासाहेबांनी १९५० साली तिच्यापुढे हिंदू कोड बिलावर भाषण केले. मजुराच्या मुलाने नुसते कारकून होऊ नये, कायदा कसा होतो हेही त्याला कळावे, असाच त्या संसदेचा अर्थ आम्ही घेतो.

आज कॉलेजात संधी कोणती? पहिली, राष्ट्रीय सेवा योजना. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर असते. शिबिरात पाणी भरण्यापासून हिशोब ठेवण्यापर्यंतची कामे वाटून घ्यावी लागतात आणि न पटणाऱ्या माणसाबरोबरही काम करावे लागते. "मुलगी रात्री बाहेर कशी राहील?" म्हणून तिला अडवू नका. बरोबर कोणत्या शिक्षिका आहेत याची चौकशी करा आणि पाठवा.

दुसरी संधी कॉलेजबाहेरची, पण त्याहून मोठी. डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेला गौण वनोपज, सावकारी, जमिनीचे हस्तांतरण अशा बाबतींत अधिकार दिले आहेत. अठरा वर्षे पूर्ण होऊन मतदारयादीत नाव आले, की आपला मुलगा, आपली मुलगी त्या ग्रामसभेची सभासद होते. सभेत कागद वाचून दाखवणारा एखादाच असला, की तो सांगेल तेच खरे ठरते. तेथे कॉलेजातली मुलगी उठून म्हणाली, "ठराव पुन्हा वाचा, आम्हांला समजला नाही," तर साऱ्या गावाचे भले होते.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच. मुलाचे, मुलीचे नाव मतदारयादीत आहे का ते पाहा. पुढच्या ग्रामसभेला त्यांना बरोबर न्या आणि निदान एक प्रश्न त्यांना विचारू द्या. शब्द अडखळतील, कुणी हसेलही. दुसऱ्या सभेत ते कमी अडखळतील.