सीट वर करा, मग वयाला दोष द्या

हेडफोन घरी राहिला असेल किंवा एसटीच्या आवाजात काही ऐकू येत नसेल, तर आजचा भाग इथे वाचून काढा. विषय आहे सायकल. मोठेपणी, स्वतःच्या पगारातून घेतलेली.

मी अलिबागचा. लोणेऱ्याला बीटेक केलं, आता पुण्यातल्या कंपनीचं काम घरी बसून करतो. घरी बसून म्हणजे अक्षरशः बसून. सकाळची मीटिंग ते रात्रीचं जेवण, मधे फक्त खुर्ची. दोन वर्षांपूर्वी एका रात्री ऑनलाइन सेल दिसला आणि मी सायकल मागवली. जाड टायर, पुढे शॉकअप, एकवीस गिअर. बारा हजार रुपये. खोक्यातून अर्धवट जोडलेली आली. इंजिनिअर माणूस, व्हिडिओ बघून पाना फिरवला, झालं!

पंधरा दिवसांत गुडघे दुखायला लागले. सपाट रस्त्यावरसुद्धा धाप लागायची. आई म्हणाली, "तुझ्या वयात बाबा रोज पोयनाडला सायकलने जायचे." मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि मनाशी ठरवून टाकलं, आपलं वय झालं. सायकल पडवीत गेली, तिच्यावर टॉवेल वाळायला लागले, एक अख्खा पावसाळा गेला.

खरं सांगायचं तर पैशांपेक्षा दुसरंच लागलं होतं. चौथीत असताना बाबांच्या काळ्या सायकलवर नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचो, तेव्हा गुडघे फुटायचे, दुखायचे नाहीत. ते सुख आता आपल्याला परत मिळणार नाही, असं वाटलं होतं.

पावसाळ्यानंतर सायकल विकायची म्हणून दुकानात नेली. काकांनी मला तिच्यावर बसवलं, एकदा पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, एवढ्या खाली सीट ठेवून कोण चालवतं? लहान पोर आहेस का?"

बरोबर होतं त्यांचं. लहानपणी आपण दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढीच सीट ठेवतो, कारण पडायची भीती असते. ती सवय तशीच राहते, उंची मात्र वाढते. सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि सगळा जोर वाटीवर येतो. मांडीच्या मोठ्या स्नायूंना पुरतं ताणायला जागाच मिळत नाही. त्यामुळे दमही लवकर लागतो.

मोजायची सोपी रीत अशी. भिंतीला धरून सीटवर बसा. एक पायडल अगदी खाली न्या आणि त्याच्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. आता टाचेऐवजी चवडा ठेवा, गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहील. तीच तुमची उंची. मग बसल्या बसल्या जमिनीला फक्त बोटं टेकतील. घाबरू नका, थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा.

काका सीट वर करायला गेले, तर ती हलेना. तेल सोडलं, ठोकून बघितलं, नाहीच. इथे आपला समुद्र आला. माझ्या सायकलची चौकट अॅल्युमिनियमची आणि सीटखालची दांडी लोखंडी. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओलावा, म्हणजे छोटी बॅटरीच तयार होते. अॅल्युमिनियम गंजतं, त्याची पांढरी पावडर फुगते आणि दोन्ही नळ्या एकमेकींना घट्ट धरतात. सुरुवातीला त्या दांडीला बोटभर ग्रीस लावलं असतं, तर ही वेळ आली नसती.

म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एवढं कराच. दांडीला आणि बोल्टना ग्रीस. चेन फडक्याने पुसून थेंब थेंब तेल, आणि वरचं जास्तीचं तेल पुसून टाकायचं, नाहीतर त्याच्यावर वाळू बसते. ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडची ओली, घट्ट वाळू बघून मोह होतो, मलाही होतो. पण खारं पाणी छऱ्यांपर्यंत गेलं की महिन्याभरात करकर सुरू. गेलातच तर घरी येऊन गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा आणि कोरडी करा.

आता कोणती घ्यायची? आधी रोजचा रस्ता बघा. आपल्याकडे अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा हा साधारण सतरा किलोमीटरचा रस्ता जवळपास सपाट आहे. तिथे शॉकअपचा उपयोग कमी, वजन जास्त, आणि उभं राहून जोर लावला की तुमची काही ताकद ती स्प्रिंगच खाते. जाड खाचांचे टायरही डांबरावर जड जातात. मी ती सायकल सुट्या भागांच्या भावात दिली आणि सेकंड-हँड हायब्रिड घेतली. मध्यम टायर, साधा फोर्क, सात गिअर. कार्ले खिंडीच्या चढालासुद्धा पुरतात. घेताना नळीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहून बघा, मधे दोन-तीन बोटं अंतर हवं.

वाऱ्याचंही गणित आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी १५ने जाताय आणि समोरून १५चा वारा आला, तर हवेला तुम्ही ३०चे वाटता, विरोध चौपट! फेब्रुवारी ते मे दुपारचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो. म्हणजे दुपारी रेवदंड्याला उडत जाल आणि परतताना रडाल. पहाटे निघा, वारा शांत असतो.

शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या आणि अरुंद रस्ता, म्हणून त्या दिवशी मी सातच्या आत घरी. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यात तडजोड नाही.

नव्या सायकलवर पहिल्या सकाळी आक्षीपर्यंत गेलो. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक तिथला, साधारणपणे शके ९३४चा म्हणजे इ.स. १०१२चा मानतात. लहानपणापासून इतक्या जवळ राहून मी तो कधी थांबून पाहिला नव्हता. बाइकवरून जाताना थांबणं होतच नाही. खाडीच्या पुलावर सुकत घातलेल्या मासळीचा वास आला, वाडीत कुणीतरी झावळ्या ओढत होतं, आणि नागावच्या फाट्यापर्यंत मी पोचलो तरी गुडघ्याची आठवण झाली नव्हती.

मार्चमध्ये कार्ल्याकडून येताना पांढऱ्या कांद्याची माळ हँडलला लटकवून आणली. बाबांनी सायकल हातात घेतली, ब्रेक दाबून बघितले, आणि काही न बोलता गल्लीत एक फेरी मारून आले. उतरल्यावर एवढंच म्हणाले, "सीट माझ्यासाठी जरा खाली कर."

केली. ग्रीस होतं, लगेच सरकली.

तुमची सायकल पडवीत उभी असेल, तर आज टाच पायडलवर ठेवून बघा. भेटू पुढच्या भागात!