फास्ट फूड रेस्टॉरंटमध्ये नोकरीची मुलाखत आहे? आधी वेळेचा हिशोब करा!

कॉलेज करता करता चार पैसे कमवायचे असतील, तर बर्गर-पिझ्झाच्या आउटलेटमधली नोकरी अनेकांची पहिली नोकरी ठरते. मॅकडोनाल्ड्स आणि डॉमिनोज 1996 मध्ये भारतात आले आणि आता लहान शहरांतही अशी आउटलेट्स दिसतात. इथे अनुभव नसला तरी काम मिळू शकतं. मग मुलाखतीत बघतात तरी काय?

पहिला प्रश्न : कधी येऊ शकाल?

या धंद्यात गर्दी होते संध्याकाळी, शनिवार-रविवारी आणि सणासुदीला. म्हणजे इतरांना सुट्टी असते, तेव्हाच मॅनेजरला माणसं हवी असतात. त्यामुळे अनेक जण "कधीही चालेल" असं सांगून टाकतात. मग दुसऱ्याच आठवड्यात प्रॅक्टिकल आणि शिफ्ट एकाच वेळी येतात, खाडे पडतात आणि नोकरी जाते.

म्हणून मुलाखतीआधी एका कागदावर आठवड्याचे सात दिवस लिहा. कॉलेज, क्लास, परीक्षा आणि घरी जायची शेवटची लोकल किंवा एसटी यांच्या वेळा मांडा. क्लोजिंग शिफ्टमध्ये शटर 11 वाजता पडलं, तरी लगेच निघता येत नाही. फ्रायर आणि फरशी साफ करायची असते, कॅशचा हिशोब लावायचा असतो.

"सोमवार ते शुक्रवार दुपारी 3 नंतर, रविवारी पूर्ण दिवस, परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी लागेल," असं स्पष्ट उत्तर द्या. त्यावरून मॅनेजरला रोस्टर लावता येतं.

हे प्रश्नही येऊ शकतात

• ग्राहक चिडला तर? आधी ऐकून घ्या, माफी मागा, बिल तपासा आणि ऑर्डर दुरुस्त करा. आपल्या हातात नसेल तर शिफ्ट मॅनेजरला बोलवा. वाद घालू नका.

• व्हेज बर्गरमध्ये चिकन निघालं तर? गुपचूप बदलून देऊ नका. मॅनेजरला लगेच सांगा. ग्राहकासाठी हा श्रद्धेचा प्रश्न असू शकतो.

• पॅटी खाली पडली, कुणी पाहिलं नाही, तर? टाकून द्यायची आणि तसं सांगायचं. दुसरं उत्तर नाही.

• अनुभव काय? गणेश मंडळाच्या महाप्रसादाला पंगत वाढली असेल, दिवाळीत काकांच्या दुकानात गल्ला सांभाळला असेल, तर तेच सांगा. गर्दीत डोकं शांत ठेवता येतं, हे त्यातून कळतं.

जाताना काय न्यायचं?

आधार, पॅन, मार्कशीट, बँक पासबुक यांच्या झेरॉक्स आणि फोटो न्या. डिलिव्हरीचं काम असेल तर दुचाकीचं लायसन्सही लागेल. मूळ कागदपत्रं दाखवा, पण कुणाकडे ठेवू नका. कपडे साधे पण स्वच्छ असू द्या. नखं कापा, नेलपॉलिश आणि अंगठ्या काढा. हे काम खाद्यपदार्थांचं आहे. एफएसएसएआयच्या नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते.

तुम्हीही प्रश्न विचारा

पगार महिन्यावर की तासावर? पीएफ आणि ईएसआयसी कापून हातात किती येतील? आठवड्याची सुट्टी कोणती? जादा थांबलं तर पैसे कसे मिळतात? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री 9.30 नंतर महिलांना काम द्यायचं, तर त्यांची संमती लागते. त्यामुळे रात्री घरी पोहोचवायची सोय आहे का, हे विचारायला मुलींनी संकोच करू नये.

पैसे मागितले की सावध व्हा

मोठ्या ब्रँडच्या नावाने व्हॉट्सअॅपवर "जॉब पक्का" असे मेसेज फिरतात. मग रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म किंवा ट्रेनिंगच्या नावाखाली पैसे मागितले जातात. नोकरी देण्यासाठी कुणी पैसे मागत असेल, तर ती फसवणूक समजा. थेट आउटलेटमध्ये जाऊन खात्री करा. पैसे गेलेच असतील, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

आणि हो, चौकशीला जायचं तर दुपारी 3 ते 5 च्या दरम्यान जा. जेवणाच्या गर्दीत मॅनेजर स्वतःच काउंटरवर उभा असतो, तुमच्याशी बोलायला त्याला वेळ मिळणार नाही!