टॉवर डिफेन्स गेम म्हणजे काय? ‘पिक्सेलजंक मॉन्स्टर्स’मध्ये नाणी वेचायची की पिल्लं वाचवायची?

जंगलाच्या मधोमध एक झोपडी. तिच्यात वीस पिल्लं. रानातल्या वाटेने राक्षसांच्या टोळ्या एकामागून एक येत आहेत. जो राक्षस झोपडीपर्यंत पोहोचेल, तो एक पिल्लू खाणार. त्यांना वाटेतच गारद करायचं, एवढंच खेळणाऱ्याचं काम.

हा आहे ‘पिक्सेलजंक मॉन्स्टर्स’. जपानमधल्या क्योटो शहरातल्या क्यू-गेम्स या कंपनीने तो बनवला. तिचे संस्थापक डिलन कथबर्ट हे १९९३ साली आलेल्या निन्टेंडोच्या ‘स्टार फॉक्स’ या गेमचे एक प्रोग्रॅमर. मॉन्स्टर्स आधी प्लेस्टेशन ३ वर आला आणि २००९ मध्ये ‘डिलक्स’ नावाने सोनीच्या पीएसपी या हातात धरून खेळायच्या कन्सोलवर दाखल झाला. त्यात मूळ खेळ, त्याचा ‘एन्कोर’ हा पुढचा भाग आणि काही नवे टप्पे असं सगळं एकत्र मिळत होतं.

टॉवर डिफेन्स म्हणजे नेमकं काय?

या प्रकारात खेळणारा सहसा स्वतः लढत नाही. शत्रूच्या वाटेवर तो बुरूज, म्हणजेच टॉवर, उभारतो आणि मारा टॉवरच करतात. शत्रू मेला की पैसे मिळतात, त्यातून आणखी टॉवर बांधता येतात. १९९० मधला अटारीचा ‘रॅम्पार्ट’ हा या प्रकाराचा पूर्वज मानला जातो. पुढे ‘वॉरक्राफ्ट ३’ खेळणाऱ्यांनी स्वतः तयार केलेल्या नकाशांमुळे तो रुळला आणि २००७ मध्ये ब्राउझरवरच्या ‘डेस्कटॉप टॉवर डिफेन्स’ने तो घरोघरी नेला.

मग यात वेगळं काय?

बहुतेक टॉवर डिफेन्समध्ये खेळणारा वरून सगळं पाहत असतो. कुठेही बोट ठेवलं की टॉवर तयार. पैसेही आपोआप जमा होतात. मॉन्स्टर्समध्ये ही सोय नाही. इथे तुम्ही मुखवटा घातलेला टिकीमॅन असता आणि प्रत्येक कामासाठी त्याला स्वतः पळावं लागतं.

टॉवर बांधायचा, तर झाडापाशी जावं लागतं, कारण झाडाच्या जागीच टॉवर उभा राहतो. राक्षस मेला की नाणी जमिनीवर पडतात. ती वेळेत वेचली नाहीत, तर नाहीशी होतात. टॉवर बळकट करायचा, तर त्याच्याजवळ थांबून नाचावं लागतं. हे काम फुकट होतं, पण वेळ खातं. आणि पळापळीत राक्षसाशी टक्कर झाली, तर खिशातली नाणी सांडतात.

म्हणजे खरी टंचाई पैशांची नाही, वेळेची आहे. उत्तरेच्या टॉवरजवळ नाचत बसलात, तर दक्षिणेला पडलेली नाणी जातात. नाणी वेचायला धावलात, तर उत्तरेचा टॉवर कच्चा राहतो. एका वेळी दोन दगडांवर पाय ठेवता येत नाही.

टॉवर निवडताना काय चुकतं?

सुरुवातीला तीन टॉवर मिळतात. बाणाचा टॉवर जमिनीवरच्या आणि उडणाऱ्या, दोन्ही शत्रूंना मारतो. पण त्याचा घाव हलका. तोफेचा घाव जबर. पण ती फक्त जमिनीवर चालते. तिसरा टॉवर फक्त उडणाऱ्यांसाठी. नवखा खेळाडू सगळे पैसे तोफांमध्ये घालतो. मग उडणारी टोळी येते आणि त्या तोफांवरून आरामात झोपडी गाठते.

अधूनमधून रत्नंही मिळतात. ती झोपडीत देऊन बर्फाचा किंवा आगीचा टॉवर यांसारखे नवे प्रकार खुले करता येतात, किंवा तीच खर्चून हातातला टॉवर एका क्षणात बळकट करता येतो. उद्याची तयारी करायची की आजचं संकट टाळायचं, हा निर्णय पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.

एकही पिल्लू न गमावता टप्पा संपवला, तर इंद्रधनुष्य मिळतं. नकाशावर पुढे जायला अशी इंद्रधनुष्यं जमवावी लागतात. त्यामुळे ‘एखादं गेलं तर गेलं’ हा हिशेब फार काळ चालत नाही. दिसायला हा गेम लहान मुलांचा वाटतो, पण शेवटच्या टोळीत एकच पिल्लू गेलं म्हणून अख्खा टप्पा पुन्हा खेळणारे अनेक आहेत.

हातातल्या कन्सोलवर तो का शोभला?

पीएसपीचा पडदा ४.३ इंचांचा. मॉन्स्टर्सचा प्रत्येक टप्पा म्हणजे एकच छोटं रान. शिवाय पीएसपीची कळ सरकवली की खेळ आहे तिथेच थांबतो आणि नंतर तिथूनच सुरू करता येतो. स्टेशन आलं म्हणून पिल्लं गमवायची वेळ येत नाही.

पुढच्या वेळी कुठलाही टॉवर डिफेन्स गेम उघडलात, तर टॉवर किती बांधले हे मोजण्याआधी एक गोष्ट पाहा: आत्ता, या क्षणी, तुम्ही काय सोडून देताय? हरलेल्या टप्प्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.